मयतीला आंघोळ घालताना मी जे बोलते

मी मयतीशी बोलते. आमच्या मोहल्ल्यात कोणी बाई वारली की तिला शेवटची आंघोळ घालायला मला बोलावतात, आणि आंघोळ घालताना मी तिच्याशी बोलत असते. हे मी कधी लपवलं नाही. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं, एवढंच. आता विचारलं आहे. ज्या रीतीनं विचारलं ती रीत मला पटलेली नाही, म्हणून लिहून ठेवते. तोंडानं सांगायला गेले तर अर्धं राहून जातं. समोर चार माणसं दिसली की माझा घसा बंद होतो, आणि हे आजचं नाही.

मी चौथीपर्यंत शिकले, कचारगडच्या बाजूच्या एका गावात, मराठी शाळेत. गावात मुसलमानांची दोनच घरं. आमच्या घरात, अंगणात, विहिरीवर सगळीकडे एकच बोली, झाडीबोली. अम्मा नमाज अरबीत पढायची आणि सलाम फिरवून नमाज संपली की तिथंच बसून बकरीला झाडीबोलीत शिव्या द्यायची. लग्न होऊन गोंदियाच्या काठावरच्या या मोहल्ल्यात आले तर इथं सगळे हिंदी बोलणारे. मी तोंड उघडलं की नणंदा एकमेकींकडे पाहायच्या. एक म्हणाली, "भाभी तो सीधी धान के खेत से उठके आई है." वाईट मनानं म्हणाली नसेल. पण मी त्या दिवसापासून हो-नाही एवढंच बोलू लागले, आणि लोक म्हणू लागले, किती गरीब स्वभावाची सून मिळाली.

आंघोळीचं काम मला फुफीनं शिकवलं. फुफी म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, नवरा गेल्यावर आमच्याच घरी राहायला आलेली. तिची जीभ अशी की भाजीवाला आमच्या दारासमोरून गाडी पळवत न्यायचा. मोहल्ल्यातल्या बायांची आंघोळ तीच घालायची. एकदा तिची मदतनीस आजारी होती, तर तिनं मला हाताला धरून नेलं.

"सर पकड़," ती म्हणाली. "डर मत. वो कुछ नहीं बोलेगी. जितना बोलना था, मेरे से बोल चुकी."

आंघोळीच्या तख्त्यावर जी बाई होती तिच्याशी फुफीचं एका कोंबडीवरून कित्येक वर्षं भांडण होतं. दोघी समोरासमोरच्या दारात उभ्या राहून भांडायच्या, आणि एकीला स्वयंपाकाला जायचं असलं तर दुसरी थांबायची. त्या बाईच्या अंगावर पहिला तांब्या ओतायच्या आधी फुफीनं स्वतःचं कोपर पाण्यात बुडवून पाहिलं आणि अशा आवाजात बोलली की मी मान वर करून पाहिलं, दुसरं कोणी आत आलं की काय.

"अब सर पे पानी डाल रही हूँ बहन. गरम नहीं है, मैंने देख लिया. आँख में नहीं जाने दूँगी."

पूर्ण आंघोळभर ती असंच बोलत होती. आता उजवा हात. आता जरा कुशीवर वळवते. झालं, झालं. घरी आल्यावर मी विचारलं, ह्या बोलण्यानं काही सवाब, काही पुण्य मिळतं का, कुठं सांगितलेलं आहे का.

"मुझे नहीं पता," फुफी म्हणाली. "जो जवाब नहीं दे सकता उसपे ज़ोर नहीं दिखाना, इतना पता है."

"चूप राहूनही होते ना काम?"

"चुप रहके बर्तन मांजते हैं."

त्यानंतर बरीच वर्षं मी तिच्यासोबत जात राहिले. मग एक दिवस फुफीलाच मी धुतलं. तेव्हा पहिल्यांदा मी एकटी बोलले, आणि तोंडातून हिंदी आली नाही, माझी माहेरची बोली आली. तेव्हापासून मी त्याच बोलीत बोलते. जिवंत माणसांसमोर मी जिचा एक शब्द काढायला लाजत होते, ती बोली तिथं आपोआप येते. कोणी हसत नाही.

आंघोळीची पद्धत ठरलेली आहे, त्यात मी माझ्या मनाचं काही घालत नाही. अंगणात चार बाजूंनी चादरी बांधायच्या, मध्ये लाकडी तख्ता, डोक्याकडची बाजू थोडी उंच. बोरीचा पाला टाकून पाणी उकळायचं आणि कोमट होऊ द्यायचं. अंगावर जाड कापड कायम ठेवायचं. हाताला कापडी पिशवी चढवून त्या कापडाखालून धुवायचं, उजवी बाजू आधी. शेवटच्या पाण्यात कापूर. आमच्याकडे एक पाचवी चादर वरूनही बांधतात, छतासारखी. बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं आमच्या डोक्यावरून घिरट्या घालत असतात, खाली येतात, पुन्हा वर जातात. फार पूर्वी एका म्हातारीनं शंका काढली होती की वरून एखाद्यानं पाहिलं तर. तेव्हापासून पाचवी चादर. दुसऱ्या गावच्या बाया हसतात. हसू देत. मेलेल्या बाईचीही लाज राखायची असते, तिच्या अंगावर काही व्रण, काही खूण दिसली तर ती कोणाला न सांगता आपल्यासोबत कबरीत जायला हवी, हे आमच्यात कोणाला शिकवावं लागत नाही. तिला थंड पाणी नको, फार गरम नको, हात हळू लावा, सांधा ओढू नका. एवढं सगळं तिच्यासाठी करायचं, आणि दोन शब्द तेवढे तिच्यासाठी नकोत, हे मला समजत नाही.

आमच्या शेजारी एक म्हातारी राहायची, सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. माझ्याहून बरीच मोठी, आयुष्यभर बिड्या वळलेली, वळता वळता पाठीला बाक आलेला. तीही माझ्या माहेरच्याच बाजूची, सालेकशाकडच्या खेड्यातली, म्हणून आम्ही दोघी एकमेकींशी झाडीबोलीत बोलायचो. तिला ऐकू कमी यायचं. सुरुवातीला लोक तिच्याशी मोठ्यानं बोलायचे, मग मोठ्यानं बोलता बोलता ओरडू लागले, आणि ओरडताना माणसाचा चेहरा आपोआप रागाचा होतो. मुलगा ओरडायचा, सून ओरडायची, नातवंडं ओरडायची. मुलगा वाईट नव्हता. तिची औषधं वेळेवर आणायचा. पण "अम्मा, गोली खाई क्या" हेसुद्धा तो असं म्हणायचा की रस्त्यावरच्या माणसाला वाटावं, म्हातारीनं काहीतरी चोरलं आहे.

एकदा ती मला म्हणाली, "शब्द ऐकू येत नाई ना बाई, तर मले नुसते त्यायचे दातच दिसते."

मी तिच्या उजव्या बाजूला बसून, कानाजवळ, सावकाश बोलायचे. तेवढं तिला सगळं ऐकू यायचं. ओरडायची गरजच नव्हती. मी हे तिच्या सुनेला सांगितलं होतं. ती म्हणाली, "चाची, इतना टाइम किसके पास है."

एका दुपारी खाला बिड्यांना दोरा बांधता बांधता म्हणाली, "मी मेली का मले तूच धुजो."

"धुईन ना."

"आन बोलजो माह्याशी. मले मालूम हाय तू बोलते म्हणून."

"मेल्यावर तुले ऐकू येईल का वो?"

"येते का नाई ते मी पाहीन. तू आपलं काम कर."

मी हो म्हटलं. तिनं माझ्या हातावर हात ठेवून पुन्हा विचारलं, "पक्कं?" मी म्हटलं, पक्कं. हे एवढं वचन होतं. याच्यासाठी मला पुढचं सगळं करावं लागलं.

मोहल्ल्यात मोठ्या शहरातून लग्न होऊन एक बाई आली; धर्माचं शिकवते म्हणून सगळ्या तिला बाजी, म्हणजे ताई, म्हणतात. वयानं माझ्या मुलीएवढी. तिनं मयतीच्या आंघोळीचं रीतसर शिक्षण घेतलेलं, कापडाच्या बाहुलीवर. हात सफाईदार आहेत तिचे, कफन मापून कापते तेव्हा एक धागा इकडे-तिकडे होत नाही. दर शुक्रवारी दुपारी ती बायांना घरी बोलावून दीनच्या गोष्टी सांगते. मीही जायचे. मागे भिंतीला टेकून बसायचे.

त्या शुक्रवारी विषय होता जिभेचा. बाजीनं फार छान सांगितलं, हे मी खोटं बोलणार नाही. चांगला बोल हासुद्धा सदका आहे, दान आहे, कोणाशी हसून बोललं तरी त्याचं पुण्य आहे, नरमाई ज्या गोष्टीत असते तिला ती सजवते. मला ते ऐकून भरून आलं. वाटलं, फुफीला काही माहीत नव्हतं असं ती म्हणायची, पण माहीत होतंच की.

मग पुस्तक मिटून बाजी म्हणाली, "अब एक ज़रूरी बात. हमारे बीच एक ऐसी हैं जो मय्यत के ऊपर कुछ बुदबुदाती हैं. क्या पढ़ती हैं, किसी को समझता नहीं. मराठी में कुछ है. मराठी में कौन-सी दुआ होती है, कोई बताए."

दोन-तीन जणी हसल्या. एकीनं सांगितलं की गेल्या खेपेला ती चादरीबाहेर उभी होती आणि तिनं स्वतः ऐकलं, मी काहीतरी पुटपुटत होते. दुसरी म्हणाली, गावाकडच्या बायांना असलं मंतर-बिंतर येतं. सगळ्या माझ्याकडे वळल्या.

माझा घसा बंद झाला. एवढंच सांगायचं होतं की मी म्हणते, बाई पाणी कोमट आहे, घाबरू नको. ते निघालं नाही.

"जवाब दीजिए ना," बाजी म्हणाली. "मुँह में ज़बान नहीं है क्या? मुर्दे के सामने तो खूब चलती है."

खाला पुढं बसली होती. तिला काही समजलं नव्हतं, पण सगळ्यांच्या माना वळलेल्या दिसल्या. तिनं मोठ्यानं विचारलं, "का म्हणून राहिली ते?" तिची सून तिच्या तोंडापाशी जाऊन ओरडली, "कुछ नहीं. चुप बैठो." आणि अर्ध्या तासापूर्वी आम्ही सगळ्या गोड बोलण्याचं पुण्य ऐकून डोळे पुसत होतो.

संध्याकाळच्या आत बायांच्या मोबाइलच्या ग्रुपवर बाजीचा आवाजातला निरोप आला. यापुढे आंघोळीसाठी फक्त तिलाच बोलवावं, जमातीच्या सदर साहेबांची, म्हणजे अध्यक्षांची, परवानगी घेतली आहे. माझं नाव घेतलं नव्हतं. नाव न घेता सगळ्यांना कळेल अशी पुरेपूर सोय होती.

माझा नवरा सायकलची चेन साफ करत होता. त्यानं निरोप ऐकला आणि म्हणाला, "जाऊ दे ना. कायले टेन्शन घेतेस. अच्छाच झालं, आराम कर." त्याला माझी बोली येते, आम्ही दोघंच असलो की तो मुद्दाम बोलतो. चांगला माणूस आहे. पण जाऊ दे हा शब्द मी लग्नाच्या दिवसापासून ऐकते आहे. शेजारची म्हणाली, तुझी तर जबान एवढी नरम, तू कशाला तंटा करतेस. नणंद फोनवर म्हणाली, सब्र कर, तू तो गाय है.

त्या रात्रभर नव्हे, पुढचे कित्येक दिवस माझ्या मनात तेच चालू होतं. नरम म्हणजे काय समजतात हे लोक? लहानपणी अम्मा एक गोष्ट सांगायची. अल्लाहनं आपल्या एका पैगंबराला एका जुलमी राजाकडे पाठवलं. तो राजा स्वतःलाच खुदा म्हणवत होता, लोकांना गुलाम करून त्यांची लेकरं मारत होता. आणि पाठवताना सांगितलं की त्याच्याशी नरमाईनं बोल. ही गोष्ट आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. पण सगळे तिथंच थांबतात. नरमाईनं बोल एवढंच बायांना सांगतात. तो पैगंबर तिथं जाऊन बोलला काय? तो असं नाही म्हणाला की हुजूर, जसं तुम्ही म्हणाल तसं. तो म्हणाला, ह्या माणसांना सोड. राजाच्या तोंडावर म्हणाला. नरम आवाजात म्हणाला, पण म्हणाला तेच. जाऊ दे म्हणायचं असतं तर राजाच्या दरबारात जायची गरजच नव्हती, घरी बसूनही ते जमलं असतं.

खालाला मी उजव्या कानात सगळं सांगितलं. ती बराच वेळ सुपातली पानं उलटसुलट करत राहिली.

"मंग मले कोण धुणार?"

"बाजी."

"ते बोलते का?"

"नाई. चूप राहून करते."

"मंग मी मरतच नाई," खाला म्हणाली. मी हसले. ती हसली नाही.

म्हणून मी सदर साहेबांच्या घरी गेले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मोहल्ल्यात कोणाच्या घरी काही मागायला मी एकटी पहिल्यांदाच गेले. ते अंगणात पेपर वाचत होते. मला पाहून उठले, स्वतः खुर्ची पुढं केली, बायकोला सरबत आणायला सांगितलं. मी सांगितलं की मी मंतर म्हणत नाही. जे बोलते ते ऐकवून दाखवते म्हटलं, आणि दाखवलं. त्यांच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला.

सदर साहेब म्हणाले, "बेटी, आपकी नीयत पे किसी को शक नहीं. आप तो हमारे मोहल्ले की इज़्ज़त हैं. बस, बात यह है कि जो चीज़ बताई नहीं गई, उसको हम क्यों करें. आप आराम कीजिए. बहुत ख़िदमत कर ली आपने."

मी म्हटलं, कब्रस्तानात शिरताना तुम्ही सगळे आतल्या लोकांना सलाम करता ना. तेही मेलेलेच असतात.

ते हसले. "वाह. आप तो बहस भी करती हैं. अच्छा लगा सुनके. सरबत लीजिए."

त्यांचं बोलणं इतकं गोड होतं की मी सरबत पिऊन, दुआ घेऊन बाहेर आले आणि नळाच्या कोपऱ्यापर्यंत पोचल्यावर मला कळलं की आपल्याला नाही म्हटलं आहे. तेव्हा मला बाजीचा राग कमी झाला. ती निदान समोरून बोलली. गोड बोलणं आणि चांगलं बोलणं यांत किती अंतर असतं ते मला त्या कोपऱ्यावर समजलं. समोरच्याचं ऐकून घ्यायचंच नसेल तर त्या नरमाईचा उपयोग दार बंद करताना आवाज होऊ नये एवढाच.

धान कापणी संपत आली होती तेव्हा खाला गेली. सकाळी चहा घेतला, बिड्यांचं सूप मांडीवर घेतलं आणि तशीच भिंतीला टेकली. सुनेची हाक ऐकून मी धावत गेले. डोळे मीच मिटले, जबडा रुमालानं बांधला. तोवर मुलानं बाजीला फोन केला होता. "चाची, बुरा मत मानना," तो म्हणाला, "सदर साहेब ने बोल के रखा है."

मी बुरा मानला नाही. मी परसात गेले, बोरीचा पाला ओरबाडला, काटे टोचले, आणि पाला घेऊन परत आले. चादरी बांधून झाल्या होत्या, वरचीसुद्धा. बाजी आत हाताला पिशवी चढवत होती. सून तिच्या मदतीला. मी चादर बाजूला करून आत गेले.

"आपको मना किया था," बाजी म्हणाली.

घसा बंद होऊ लागला. मग मी बाजीकडे पाहणं सोडलं आणि खालाकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं की मला बोलता येतं.

"बाजी," मी म्हटलं, "मी हिले वचन दिलं हाय. मी धुणार. तुम्ही पण राहा, तुमचा हात चांगला हाय. मले तुमच्याशी भांडायचं नाई. पण मी बाहेर जाणार नाई."

"और वो जो आप पढ़ती हैं?"

"आज मोठ्यानं बोलतो. तुम्ही ऐका. सगळ्यांनी ऐका. वाईट वाटलं तर सांगा."

मी पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. पाला टाकला. मग उजव्या बाजूला उभी राहून, पुटपुटत नाही, सरळ, जशी ती जिवंत असताना तिच्या कानाशी सावकाश बोलायचे तसं पण मोकळ्या आवाजात बोलले. "खाला, मी आली. पाणी कोमट हाय. आता तुह्या डोक्यावर टाकून राहिली. घाबरू नको."

बाहेर माणसं जमली होती. मुलाचा आवाज येत होता, कोणाला तरी कफनाच्या कापडासाठी ओरडत होता, कोणाला तरी खुर्च्या सरकवायला सांगत होता. बाजी दबक्या आवाजात म्हणाली, "आवाज़ नीची कीजिए. बाहर मर्द हैं."

"बाजी," मी म्हटलं, "हिले कमी ऐकू येते."

बाजीनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला.

मी बोलत राहिले. "आता उजवा हात उचलून राहिली. दुखते का? झालं. आता तुले कुशीवर करतो, बाजी पण धरून हाय, पडू देत नाई आम्ही. पाठ धुतो हं. लय वाकली तू, आता सरळ निज." माझा आवाज बंद झाला नाही. वरून एक विमान गेलं, पाचवी चादर हलली, मी ते जाईपर्यंत थांबले आणि मग पुढचं बोलले, कारण त्या आवाजात तिला काही समजलं नसतं. सून आधी खाली मान घालून पाणी देत होती. पायाकडं आलो तेव्हा ती सासूच्या पायावर हात ठेवून "अम्मा" एवढंच म्हणाली, हळू. पुढं तिला येईना. सवय नव्हती.

बाजीनं मला एकदा "पकड़ो" म्हटलं, मग सावरून "पकड़िए" म्हटलं. ते माझ्यासाठी होतं की खालासाठी, माहीत नाही.

कापराचं पाणी टाकेपर्यंत बाहेरची गडबड थांबली होती. खुर्च्यांचा आवाजही नव्हता. मला वाटलं माणसं निघून गेली. तेवढ्यात चादरीला लागूनच मुलाचा आवाज आला. मी त्याला इतकी वर्षं ऐकलं होतं, पण तो आवाज मी ओळखला नाही.

"चाची. अम्मा को बोल दो, कपड़ा आ गया है. अच्छा वाला लाया हूँ."

मी खालाच्या उजव्या कानाशी वाकले आणि सांगितलं, "खाला, पोरगा म्हणून राहिला, कपडा आणला. चांगला आणला म्हणते." बाजीनं तेव्हा मला थांबवलं नाही. ती कोरडं कापड घडी घालत होती आणि तिनं तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

हे झालं म्हणून सगळं बदललं असं नाही. ग्रुपवरचा निरोप तसाच आहे. बाजी मला सलाम करते, मी तिला करते. शुक्रवारी मी जाते आणि आता भिंतीला टेकून बसत नाही, कारण मागून मला नीट ऐकू येत नाही असं मी सांगितलं आणि मधली जागा घेतली. काही बाया अजून म्हणतात की मयतीच्या घरी तमाशा केला. एकीनं तर सांगितलं की मी मर्दांना ऐकवण्यासाठीच मोठ्यानं बोलत होते. ते खोटं नाही. मी सगळ्यांना ऐकवण्यासाठीच बोलत होते. पुटपुटले म्हणून मंतर ठरलं होतं, आता कोणाला मंतर म्हणता येणार नाही.

खालाच्या चाळीसाव्या दिवसानंतर सदर साहेबांची बायको माझ्याकडे आली. मी चहा ठेवला. ती बराच वेळ हवापाण्याचं बोलली. मग हिंदी सोडून माझ्याच बोलीत, जी तिला येते हे मला माहीतच नव्हतं, म्हणाली, "साहेबांनी विचारायले सांगितलं. पुढच्या टायमाले चूप राहून कराल का? तसं असेल तर ते निरोप बदलतात म्हणे. तुमची जागा तुमाले परत."

मी कप तिच्या पुढं सरकवला. साखर कमी वाटली तर सांगा म्हटलं.

"नाई," मी म्हटलं. "चूप राहून नाई करणार."

"मंग ते बाजीलेच बोलावतील."

"बोलवू द्या ना," मी म्हटलं. "मी पण येईन."

ती रागावली नव्हती. चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि दाराकडे कोणी नाही ना हे पाहून म्हणाली, "माह्या वेळेले नक्की येजो वो बाई."